रिकर्व्ह बो हातात झणझणतो? डॅम्पर घ्यायच्या आधी हे करून बघा

बाण सुटला की मनगटापर्यंत झिणझिण्या आणि बो (रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य) टंग्ग करून वाजतो, मग रेंजवरचा कोणीतरी सांगणारच की डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा रबरी तुकडा, लाव. लावा की, पण सगळ्यात शेवटी. बाण जेवढी ताकद घेऊन जात नाही तेवढी बोमध्येच उरते आणि तीच थरथरते, सो आधी ती कमी कशी उरेल ते बघायचं, आणि त्याला बऱ्याचदा एक रुपयाही लागत नाही.

पहिलं म्हणजे स्क्रू. लोकलच्या गर्दीत बॅग आपटून आपटून साइट (नेम धरायची), प्लंजरचा (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाचा) नट, स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारा पुढचा दांडा) काहीही ढिलं होतं. दोरी चढवून रायझरवर (बोच्या मधल्या कडक भागावर) मुठीने हलकं ठोका, काही खुळखुळलं तर ॲलन की फिरवा. चेक करायला म्हणून बाण न लावता दोरी खेचून सोडू नका हं, लिम्ब, म्हणजे बोचे वाकणारे हात, तुटू शकतात. पावसाळ्यात स्टीलचे स्क्रू गंजतात, त्यांना तेलाचं बोट लावून ठेवायचं.

आता खरी गंमत ब्रेस हाइटमध्ये आहे, म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. साधारण 66 इंची बोला 8.25 ते 8.75 इंच, 68 ला 8.5 ते 9, पण तुमच्या बोच्या माहितीपत्रकात वेगळं असेल तर तेच धरा. खालच्या आकड्यापासून सुरू करा, सहा बाण मारा, मग स्ट्रिंगर (दोरी चढवा-उतरवायची दोरी) लावून दोरी उतरवा, आहे त्याच दिशेने चार-पाच पीळ वाढवा (दोरी आखडते आणि ब्रेस हाइट वाढते), परत सहा बाण. एका ठिकाणी आवाज एकदम दबका होतो आणि हातालाही ते कळतं, तिथेच थांबायचं. हे सकाळी लवकर करा, नंतर हॉर्नच्या गोंगाटात काय डोंबल ऐकू येणार! ब्रेस हाइट बदलली की नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) आणि टिलर (वरच्या आणि खालच्या लिम्बपासून दोरीच्या अंतरातला फरक) परत मोजायचे, हे लोक हमखास विसरतात.

एवढं करूनही झणझणत असेल तर बाण बघा. फार हलका बाण कमी ताकद नेतो. माझ्या मते नवशिक्याने बोच्या खेचीच्या दर पाउंडाला बाणाचं वजन 8 ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) तरी ठेवावं, म्हणजे तुमच्या खेचीवर 40 पाउंड भरत असतील तर बाण साधारण 21 ग्रॅमचा, आणि 5 ग्रेनच्या खाली तर जाऊच नका. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, बाण बघून तो जरा चमकेल एवढंच. नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) दोरीवर हलकेच बसला पाहिजे, बाण लटकता राहील पण दोरीला टिचकी मारली की सुटेल असा.

ग्रिप घट्ट आवळू नका, फिंगर स्लिंग (बो हातातून पडू न देणारी बोटांतली दोरी) वापरा.

मग डॅम्पर लावा, लाँग रॉड (स्टॅबिलायझरचा लांब दांडा) आणि टोकाचं वजन यांच्यामध्ये. रबर फार मऊ असेल तर वजन खाली लोंबतं, तेव्हा थोडं कडक घ्या. नवी दोरी सुरुवातीच्या एक-दोनशे बाणांत ताणते आणि ब्रेस हाइट उतरते, म्हणून तेवढे दिवस रोज मोजा.