इन्फ्रारेडमध्ये झाडांचे फोटो बिघडतात ते इथेच, या चुका टाळा

इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात काढलेले) फोटो पाठवून "हे असं का आलं" विचारणाऱ्यांना तीच तीच उत्तरं देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नंतर बघू". ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (दिसणारा प्रकाश बराचसा अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा) लावून ऑटो व्हाइट बॅलन्सवर काढलं की फोटो लालभडक येणारच, आणि लोक म्हणतात रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आहे ना, लाइटरूममध्ये (ॲडोबीचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) करू. पण लाइटरूमचा टेम्परेचर स्लायडर २००० केल्व्हिनला अडतो, आणि इन्फ्रारेडला बहुतेक वेळा त्याच्याही खाली जावं लागतं. मग ॲडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये कॅमेऱ्याचं वेगळं प्रोफाइल (त्याचे रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल) बनवावं लागतं. एकदाच करायचं काम आहे, तरी करायचा आळस.

ओळखीतला एक मुलगा नेच्याच्या पानांचे ढीगभर फोटो घेऊन आला, सगळे ऑटोवर आणि तेही फक्त जेपेग. टोनिंगचे (रंगछटा देणारे) तयार प्रीसेट लावून लावून थकला होता, प्रत्येकात पान म्हणजे कात्रीने कापलेली कागदाची पट्टी. मी लाल, हिरवा, निळा असे रंगांचे चॅनल वेगळे करून दाखवले: लाल चॅनल पूर्ण फाटलेला (मर्यादेबाहेर उजळलेला), पानाची एकही शीर शिल्लक नाही, निळ्यात नुसता नॉइज. कॅमेऱ्यावर तिन्ही रंगांचा एकत्र हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला होता, त्यात हिरव्याला जास्त वजन असतं, म्हणून लाल कधी फाटला ते कळलंच नाही. त्यातून काही परत येत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. मग त्याच रोपापाशी परत गेलो, फिल्टर लावूनच उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, रॉ चालू केलं, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावला आणि लाल कडेला चिकटेना इतकं एक्सपोजर खाली आणलं. नेच्याच्या पानामागचे बारीक ठिपकेसुद्धा आले!

दुसरी माझी चीड म्हणजे पानं ढकलून ढकलून पांढरीफट्ट करणं. क्लोरोफिल इन्फ्रारेड फारसं शोषत नाही आणि पानाच्या आतल्या पेशी व हवेच्या पोकळ्या ते परत फेकतात, म्हणून पान उजळ दिसतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूडने असे फोटो १९१० मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून याला वूड इफेक्ट म्हणतात. पण उजळ म्हणजे सपाट नव्हे, एका फांदीवरची दोन पानं सारखी उजळ नसतात आणि मजा तिथेच आहे. माझी सवय अशी की आधी चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळा अदलाबदल, मग कर्व्हने उजेड-अंधाराचा तोल, आणि टोनिंग फक्त सावल्यांमध्ये, हायलाइटला (उजळ भागांना) हात नाही. फाइल रात्रभर ठेवून सकाळी बघतो, टोन हमखास कमी करावासा वाटतो. एका क्लिकमध्ये हिरवं पांढरं करणारे प्रीसेट तर वापरूच नका, त्यांना पान आणि हिरवा रंग मारलेलं गेट यातला फरक कळत नाही.

मधोमध फिकट गोल डाग येत असेल तर तो लेन्सचा हॉटस्पॉट आहे, एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं की वाढतो, एफ ५.६ ला उघडून बघा, तरी राहिला तर लेन्स बदला. डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करू नका, लाइव्ह व्ह्यू वापरा, इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे एक्सपोजर कित्येक सेकंदांचं होतं, वारा असेल तर पानांचे फोटो काढायला जाऊच नका.

फिल्टरमधून सूर्याकडे बघायचं नाही, समोर अंधार दिसतो पण डोळ्यात इन्फ्रारेड जातंच. व्हिडिओ बघून ती काच काढायला घरी कॅमेरा उघडणाऱ्यांनो, फ्लॅशचा कपॅसिटर बंद कॅमेऱ्यातही जबर शॉक देतो, हे कन्व्हर्जन माहीतगाराकडूनच करून घ्या. आणि ८५० नॅनोमीटरचा फिल्टर घेऊन चॅनल स्वॅप (लाल-निळ्याची अदलाबदल) का होत नाही असं विचारू नका, तिथे अदलाबदल करण्याएवढा रंगच उरत नाही, तो ब्लॅक अँड व्हाइटसाठी घ्यायचा.