नादारीच्या अर्जात शिलाई मशीन कसं वाचवलं

कळव्यात माझं टेलरिंगचं काम. कर्ज फिटेना, म्हणून ठाणे जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायचं ठरलं; पण मालमत्तेच्या यादीत मशीन, भांडी, अंथरुणं सगळंच येत होतं. आधी मशीन मेहुण्याकडे हलवायला निघालो. वकीलसाहेब भडकले: मालमत्ता लपवणं हा १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात गुन्हा आहे. मग यादीतून वस्तू गाळल्या, तर तीही त्यांनी फाडली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी काहीही न गाळता सगळं किमतीसह लिहिलं. मग जप्तीतून सूट देणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये बसणाऱ्या वस्तू वेगळ्या यादीत घेतल्या: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं. धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिनेही त्यातच, म्हणून मंगळसूत्र तिथे. टीव्ही, फ्रिज मात्र पहिल्याच यादीत राहिले; तिथे हट्ट करू नका. त्यानंतर नादारी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, जप्तीतून सूट असलेल्या वस्तू सोडून बाकी सगळं कोर्टाच्या हवाली करायला तयार असल्याचं निवेदन अर्जातच घातलं. मशीनचं बिल सोबत जोडलं.

मशीनच तारण असेल तर मात्र ही सूट कामी येत नाही. माझं तारण नव्हतं. ते आजही दुकानातच आहे.