पाळलेल्या उंदराला डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) कशी द्यायची

उंदीर सारखा शिंकतोय, डोळ्यांभोवती नाकाभोवती लाल लागलंय, हे बघून आधी पोटात गोळाच येतो. पण ते रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचा रंग असतो तो, आजारपणात किंवा ताणात जास्त सुटतो. त्याला अलगद उचलून कानाशी धरा. श्वासाबरोबर खरखर, टिकटिक ऐकू आली किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोंड उघडून श्वास घेत असेल तर तासभरही थांबू नका, उंदीर एरवी नाकानेच श्वास घेतात.

बहुतेक वेळा यामागे मायकोप्लाझ्मा असतो. या बॅक्टेरियाला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नसते आणि अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक नेमकं तिच्यावरच काम करतं, म्हणून इथे ते चालत नाही. डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात, कधी जोडीला एन्रोफ्लॉक्सासिन (एन्रो) हे दुसरं अँटिबायोटिक, मात्र वाढत्या पिल्लांना एन्रो जपून देतात कारण सांध्यांच्या कूर्चेला त्रास होऊ शकतो.

घरात उरलेल्या गोळीचा तुकडा मोडून अंदाजाने कधीच देऊ नका, प्लीज. डोस वजनावर असतो, तेव्हा किचनच्या काट्यावर डबा ठेवून त्यात उंदराला बसवा आणि ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. डॉक्सी साधारण किलोमागे ५ मिग्रॅ, दिवसातून २ वेळा देतात. म्हणजे ४०० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी २ मिग्रॅ, आणि सिरपच्या १ एमएलमध्ये ५ मिग्रॅ असेल तर फक्त ०.४ एमएल! एवढंसंच असतं, म्हणून चूक पटकन होते. बाटलीगणिक स्ट्रेंथ बदलते, त्यामुळे डॉक्टरांकडून डोस एमएलमध्येच लिहून घ्या.

देताना बाटली नीट हलवा, सुई नसलेली १ एमएलची सिरिंज घ्या, उंदराला छोट्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पुढच्या दातांमागे, तोंडाच्या बाजूने थेंब थेंब सोडा, गिळू द्या, मग पुढचा थेंब. एकदम पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जाऊ शकतं. दूध, दही, चीज यात मिसळून देऊ नका, कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. केळ्याच्या चिमूटभर गरात दिलं तर बरेच उंदीर चाटून घेतात. पाण्याच्या बाटलीत नको, कोण किती प्यायलं कळतच नाही.

कोर्स अर्धा सोडू नका. मी एकदा पाचव्या दिवशी थांबवलं, माझी उंदरीण मस्त खेळत होती ना, आणि आठवड्याभरात तीच खरखर परत, पहिल्यापेक्षा जास्त. मायकोप्लाझ्मा शरीरातून पूर्ण जात नाही, दबतो फक्त, म्हणून कोर्स बरेचदा काही आठवडे चालतो. तेवढे दिवस पिंजरा जास्त वेळा साफ करा, लघवीतला अमोनिया फुप्फुसांना फार जाळतो. आणि २-३ दिवसांत काहीच फरक नाही, खाणं कमी झालं किंवा वजन उतरलं तर डोस स्वतः वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा.