मक्याच्या रिकाम्या कणसांपासून इंधनाचे इथेनॉल

नाशिक जिल्ह्यात येवला, निफाड, मालेगाव या पट्ट्यात मक्याची मळणी झाली की दाणे काढलेल्या कणसांचे ढीग मागे उरतात. द्राक्षबागांतील एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्याही मुबलक असतात. पण त्या लाकडासारख्या चिवट असल्याने सुरुवात कणसांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. त्याच्या ऊर्ध्वपातनाला (उकळून वाफ वेगळी करून पुन्हा थंड करण्याला) राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, म्हणून पुढील कृती परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करावी, घरी किंवा मळ्यात मुळीच नाही.

कणसे कडक वाळवून भरड दळावीत. यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सेल्युलोजच्या, म्हणजे ज्यातून पुढे साखर मिळते त्या तंतुद्रव्याच्या, धाग्यांना लिग्निन या चिवट द्रव्याने असे लिंपलेले असते की साखर सुटी करणाऱ्या एन्झाइमला (जैविक विकराला) आत शिरायला वाटच मिळत नाही. एक किलो भरड्याला दहा लिटर पाण्यात केलेले कॉस्टिक सोड्याचे २ टक्के द्रावण घालून ते १२१ अंश सेल्सिअसला तासभर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या बंद भांड्यात) ठेवावे. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा आणि हातमोजे व चष्मा वापरावा. लिग्निन विरघळून द्राव काळा पडतो. तो आम्लाने उदासीन केल्याशिवाय आणि त्यावर प्रक्रिया झाल्याशिवाय गटारात सोडू नये, कारण गटारांचे पाणी अखेर नदीलाच मिळते. उरलेला चोथा धुण्याचे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. घाईने अर्धवट धुतलेल्या चोथ्यावर महागडे एन्झाइम वाया जाते.

चोथ्यात पाणी घालून सायट्रेट बफरने (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) सामू, म्हणजे पीएच, ४.८ ते ५ ठेवावा, सेल्युलोजची साखर करणारे सेल्युलेज एन्झाइम मिसळावे आणि ५० अंशांवर ७२ तास हलवत राहावे. साखर तयार झाली की मिश्रण ३२ अंशांपर्यंत निववून यीस्ट घालावे आणि हवाबंद पात्रातून फक्त वायू बाहेर पडेल अशी नळी लावावी. निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत पात्र कोमट पाण्यात ठेवले नाही तर किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे इथेनॉल करणे, रेंगाळते. साधारण दोन-तीन दिवसांत बुडबुडे थांबतात.

भरड्यात ३५ टक्के सेल्युलोज धरले, तर एका किलोतून हिशेबाने सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पाव लिटर इथेनॉल निघायला हवे. प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती येते. सेल्युलोजसोबत असणाऱ्या हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातील झायलोज ही साखर नेहमीचे यीस्ट खात नाही, म्हणून ती या हिशेबात धरलेली नाही.

ऊर्ध्वपातन उघड्या ज्योतीवर न करता विजेच्या हीटिंग मँटलवर (भांड्याला वेढून तापवणाऱ्या आवरणावर) करावे आणि वाफेचे तापमान ७८ अंशांच्या आसपास राखावे. कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे शुद्धता जात नाही, आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ती ९९.५ टक्क्यांहून अधिक लागते. राहिलेले पाणी काढण्यासाठी आधी तापवून कोरडे केलेले ३ अँगस्ट्रॉम इतक्या अतिसूक्ष्म छिद्रांचे मॉलिक्युलर सीव्हचे मणी वापरावेत: पाण्याचे रेणू त्यांच्या छिद्रांत अडकतात, इथेनॉलचे मोठे रेणू बाहेरच राहतात. तयार इथेनॉल हवेतील ओल पुन्हा शोषते, म्हणून ते लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे.