सिस्टर की डॉक्टरीनबाई? उपकेंद्रावर नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून ऑर्डर हातात पडली असेल, तर सहा महिन्यांचा कोर्स, परीक्षा, ठिकाण निवडणं हे सगळं उरकलेलं आहे. त्यावर मी बोलत नाही. मी बी.एस्सी. नर्सिंग करून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडवळणाच्या उपकेंद्रावर आले, त्याला आता चार वर्षं होतील. मला जे कुणी सांगितलं नव्हतं तेवढंच सांगते: गाव तुम्हाला काय म्हणून हाक मारतं आणि तुम्ही कशाला 'ओ' देता, ते पहिल्या आठवड्यातच ठरवा.

आपल्या पदाचं नाव गावाच्या तोंडी बसत नाही. उपकेंद्रावर आपल्यासारखा अधिकारी बसवायची ही योजना २०१८ साली आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणून आली, २०२३ मध्ये तिचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाट्या रंगवून झाल्या, गावाच्या लेखी मात्र दोनच माणसं, सिस्टर आणि डॉक्टर. सिस्टर म्हणजे एएनएम (सहायक परिचारिका) ताई, त्या तर वीस वर्षांपासून आहेतच. मग गळ्यात स्टेथोस्कोप आणि पुढ्यात टॅब घेऊन खुर्चीत बसलेली ही नवीन पोरगी कोण? साहजिकच डॉक्टर. आपल्यात बीएएमएस झालेले आहेत, त्यांची ती हक्काची हाक आहे. माझी नव्हती, तरी मी ती घेतली.

का घेतली तेही सांगते, कारण तुमचंही तसंच होईल. नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा नात्यातल्या एकानं विचारलं होतं, "डॉक्टरकीले नंबर नाई लागला का?" ते शब्द शिक्षण संपेपर्यंत मनात सलत होते. मग पारावरचा म्हातारा "या डॉक्टरीनबाई" म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

आता फसगत कुठे आहे ते नीट समजून घ्या. डॉक्टर म्हटलं की मागोमाग सुई येते. "गोळीनं नाई होत जी, सुई मारून द्या." सुई नाही दिली तर "सलाईन तरी लावा". एकदा लावलं की दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही. पण खरं नुकसान वेगळंच होतं. 'हे माझ्याकडे होत नाही, पुढे न्या' हे वाक्य तोंडातून निघेनासं होतं. डॉक्टर म्हणवून घेतल्यावर ते म्हणायची लाज वाटते. आणि या नोकरीत जीव वाचतो तो बहुतेक वेळा त्याच वाक्यानं.

माझा पहिलाच पावसाळा होता. ऑगस्टमधली दुपार, कपाशीवर फवारणी चालू. एक शेतमजूर आला. चक्कर, मळमळ, अंगभर घाम. बायको म्हणाली, "उन्हाचं फवारत होते, सलाईन लावा डॉक्टरीनबाई." मी लावलं. बीपी घेतलं, ओआरएस दिलं, पाऊण तास ठेवून घेतलं. बाहेर चार माणसं बघत होती, आणि मला त्यांच्यासमोर सांभाळून दाखवायचं होतं. एएनएम ताई लसीकरणावरून परतल्या, दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, त्याचा शर्ट काढा पहिले. औषधाचा वास येऊन राह्यला." विषानं भिजलेला शर्ट पाऊण तास त्याच्या अंगावर होता, कातडीतून विष आत जात होतं, आणि मी बाटलीतले थेंब मोजत होते. डोळ्यांत टॉर्च मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून लाळ सुरू झालेली. ताईंनी त्याला साबणानं धुतलं, मी १०८ ला फोन केला. रुग्णालयात या विषावरचं औषध, अ‍ॅट्रोपिन, मिळालं. तो वाचला, पण अनेक दिवस आत होता.

याच जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मी विद्यार्थिनी असताना ते पेपरात वाचलं होतं. तरीही चुकले. ज्ञान कमी पडलं असं मला वाटत नाही. बाहुल्या बघायच्या हे मला माहीत होतं. त्या दुपारी मी नर्ससारखं बघितलंच नाही. नर्स पेशंटचे कपडे बघते, वास घेते, अंगाला हात लावते. मी डॉक्टर दिसण्यात गुंतले होते.

तेव्हा पहिल्याच ग्रामसभेत उभं राहून सांगा: मी डॉक्टर नाही, नर्स आहे. बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, गरोदरपण, रोजच्या आजारांची ठरलेली औषधं माझ्याकडे. मोठा आजार असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देईन, गाडी बोलावून देईन. मी हे खूप उशिरा केलं. दोन-तीन महिने ओपीडी घसरली, लोक तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आले. घाबरू नका, येतात परत. रोजच्या गोळ्यांसाठी येतात, मग सुनेला घेऊन येतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांचं नाव आरोग्यदूत. त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. ठरावीक कामं आणि त्यांत पक्का हात, एवढ्यावर त्या गावात उभ्या राहिल्या. मन खचलं की मी हे आठवते.

ग्रुपवरच्या सीनियरांचं सगळं ऐकू नका. काहीजण सांगतील, तीस वर्षांवरच्यांची तपासणी घरी बसून भर, सगळ्यांना १२०/८० टाक. पगारातला कामगिरीवरचा भाग आकड्यांवर ठरतो, त्यामुळे मोह होतो, मला ठाऊक आहे. करू नका. आमच्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, शाळकरी पोरांच्याही खिशात असतो. टॉर्च न लावता 'तोंड निरोगी' असं भरलं, आणि त्याच तोंडातला पांढरा चट्टा वर्षभरानं गाठ होऊन समोर आला, तर त्या नोंदीखाली नाव तुमचं असेल.

गुरू शोधत लांब जाऊ नका, माझं मत पक्कं आहे की एएनएम ताई हाच तुमचा गुरू. तुमचा पगार आणि हुद्दा वेगळा, म्हणून त्या सुरुवातीला तुटक बोलतील. वीस वर्षं गाव सांभाळलं आणि खुर्ची आली दुसरीच्या वाट्याला, त्यांना राग येणारच. मी चार महिने त्यांना 'सिस्टर' म्हणत हुकूम सोडत होते. त्या दुपारनंतर 'ताई' म्हणायला लागले. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) गृहभेटीला आता त्यांच्या मागून जाते. कुठल्या घरात सिकलसेलचं पोर आहे, कुठली सून माहेरी बाळंत होणार, ते त्यांना तोंडपाठ आहे. टॅबमध्ये ते नाही.

पांढरा अ‍ॅप्रन मी सोडला. तुम्हाला घालायचा तर घाला, पण खिशावर पदाचं आणि शिक्षणाचं नाव मराठीत शिवून घ्या. टॉर्च आणि कपडे धुवायचा साबण टेबलाच्या पहिल्या खणात ठेवा, जुलै ते ऑक्टोबर तर नक्कीच.

तो म्हातारा अजून "डॉक्टरीनबाई" म्हणतो. मी थांबते, "बाबाजी, नर्सबाई म्हणा" म्हणते आणि बीपीची गोळी घेतली का ते विचारते. तो म्हणतो, "हाव, घेतली नर्सबाई," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.