गटाने आकाशदर्शन करताना काळोख सांभाळा

आकाशदर्शनाचा बेत ठरला की लोक आधी दुर्बिणीचं विचारतात. मी विचारतो गाडीच्या आतल्या दिव्याचं. दार उघडलं की तो आपोआप लागतो आणि सगळ्या गटाची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. तो निघण्यापूर्वीच बंद करा. पाणी, स्वेटर, चटया अंधार पडायच्या आत बाहेर काढा.

डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. बाहुली लगेच मोठी होते, पण डोळ्यातल्या दंडपेशींमधलं (अंधूक उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं) ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य सावकाश साठतं आणि पांढऱ्या उजेडात चटकन नष्ट होतं. मंद लाल उजेड त्याला फारसा बाधत नाही. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचे दोन-तीन थर रबराने घट्ट बसवा. मोबाइल खिशात. लाल मोडमधलं ॲपही मला पटत नाही, कागदी नकाशा बरा.

रात्र अमावस्येच्या आसपासची निवडा. दुर्बीण आधीच उघड्यावर मांडून ठेवा. तिच्यातला आरसा बाहेरच्या हवेइतका निवला नाही तर प्रतिमा थरथरते. रांगेत प्रत्येकाने नळीला हात न लावता वाकायचं. हाताने फिरवायची दुर्बीण असेल तर पृथ्वीच्या फिरण्याने ग्रह सरकत राहतो, तेव्हा दर दोन-तीन माणसांनंतर ती पुन्हा लावा.

पण नवख्यांना पहिल्यांदा देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह दाखवा, नुसत्या डोळ्यांनी. भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांच्या चौकोनातल्या ईशान्येच्या ताऱ्यापासून देवयानी तारकासमूहाच्या ओळीने मिराक या ताऱ्यापर्यंत जा, तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाकडे वळा. त्या वाटेवरच्या दुसऱ्या मंद ताऱ्याच्या शेजारी धुरकट ठिपका आहे, तीच ती.

एकदा दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. "काहीच नाहीये तिथे." मी म्हटलं, "थेट नको बघूस. जरा बाजूच्या ताऱ्याकडे बघ, लक्ष मात्र तिथेच ठेव." नजरेच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतात, म्हणून अंधूक गोष्ट कडेच्या नजरेला दिसते.

"दिसली!" मग सरळ बघितलं. "गेली." पुन्हा बाजूला. "आली!"

हा उजेड सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय, असं सांगितल्यावर ती गप्प झाली. थोड्या वेळाने अंधारात तिचाच आवाज आला, "काका, तिकडे नाही, बाजूला बघा."