विमानाला किती तास लागतात? आधी दोन्ही घड्याळं एक करा

गावातलं पोरगं परदेशी निघालं की तिकीट माझ्या ओसरीवर येतं. "भाऊ, किती लांब आहे? किती वेळ लागते?"

अंतराचं काम दोन मिनिटांचं. गूगल अर्थवर मोजपट्टी घेऊन दोन्ही विमानतळ जोडा. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार. भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी मात्र लावू नका, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरं बिघडतात, फसाल. त्यापेक्षा शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणा. न्यूयॉर्कचा दोरा किती उत्तरेकडून जातो ते बघा.

आता किलोमीटरला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी वेगाने, भागा आणि विमान वर चढण्या-खाली उतरण्याचा अर्धा तास मिळवा. लंडन नऊ तास. हा अंदाज झाला. उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो. रस्ता वळवला तर वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा तसंच झालं.

खरी गोची तिकिटावरच्या वेळांची. शेजारच्या काकूंचा मुलगा ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला गेला. थेट विमान, मुंबईहून पहाटे १:३०, तिथे सकाळी ७:३०. मी कापसाच्या काट्याच्या चिठ्ठीमागे वजाबाकी केली आणि ऐटीत सांगितलं, "सहा तास." साडेसातपासून काकू फोन मांडीवर घेऊन बसल्या. निंदणाला गेल्या नाहीत, जेवल्या नाहीत. दुपारी अर्धी गल्ली ओट्यावर जमली आणि जो तो माझ्याकडे बघत होता. फोन आला संध्याकाळी पावणेसहाला.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. म्हणून थेट वजाबाकी करायचीच नाही. आधी दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणायच्या. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास. तिथले सकाळचे ७:३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५. रात्री दीड ते संध्याकाळी पाच, साडेपंधरा तास. मग वरच्या अंदाजाशी ताडून पाहा. अर्ध्या-एक तासाचा फरक चालतो, पाच-सहा तासांचा असेल तर घड्याळ चुकलं.

"अमेरिका साडेनऊ तास मागे" हे पाठ करून बसणाऱ्यांचा मला राग येतो. तिथेही भागाभागात वेळ वेगळी, आणि न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे घेतं, मग फरक साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच, पण तिथे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. प्रवासाच्या तारखेचा फरक मोबाइलवर पाहा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर मधला थांबा वेगळा लिहा.

आणि पहाटे १:३० चं विमान १२ तारखेचं असेल, तर पोरगं ११ च्या रात्री साडेदहालाच मुंबई विमानतळावर हवं. नागपूर-मुंबईचं दीड तासाचं विमान ११ च्या दुपारचं काढा, १२ चं नाही.